पिकअपचे शॉकअप बदलले, तरी गाडी बसते आणि उडते. असं का होतं?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या भागात पिकअपला एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या रस्त्यांवरून जावं लागतं. सकाळी बागेतली मातीची वाट, मग गावाचा खड्ड्यांचा डांबरी रस्ता आणि शेवटी महामार्ग. जाताना हौदा डाळिंबाच्या क्रेटनी किंवा कांद्याच्या गोण्यांनी भरलेला असतो, येताना पूर्ण रिकामा.

गाडी मागून बसायला लागली की दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, मागे एखादा पाटा वाढवा. दोन, कडक शॉकअप टाका. अनेकदा दोन्ही केलं जातं आणि हजारो रुपये खर्चूनही तक्रार तशीच राहते. भरलेली गाडी खड्ड्यात आदळते आणि रिकामी गाडी मागून उडते.

याचं कारण शॉकअपच्या कामाबद्दलच्या गैरसमजात आहे.

शॉकअप नेमकं काय करतो?

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलण्याचं काम स्प्रिंगचं. बहुतेक पिकअपना मागे पाट्यांची स्प्रिंग असते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात.

खड्डा आला की स्प्रिंग दाबली जाते आणि त्या धक्क्याची ऊर्जा साठवते. मग ती उलटी फेकते. शॉकअप नसेल तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील. शॉकअपच्या आत पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावर चालवल्यावर शॉकअप गरम लागतो.

थोडक्यात, गाडी किती बसणार हे स्प्रिंग ठरवते. ती किती वेगाने बसणार आणि किती वेळ डोलणार हे शॉकअप ठरवतो. उभी असतानाच गाडी मागून बसलेली दिसत असेल, तर नवीन शॉकअपने ती वर येणार नाही. अपवाद जास्त दाबाच्या गॅस शॉकअपचा. त्याने गाडी किंचित उचलली जाते, पण टनाच्या हिशेबात तो आधार नगण्य असतो.

कंप्रेशन आणि रिबाउंड

शॉकअप दोन दिशांना विरोध करतो. चाक वर येताना होणारा विरोध म्हणजे कंप्रेशन. चाक परत खाली जाताना होणारा विरोध म्हणजे रिबाउंड.

पाटा वाढवला की नेमका इथे घोटाळा होतो. स्प्रिंग जास्त ताठ झाली की ती तेवढ्याच जोराने परत फेकते. तिला आवरणारा रिबाउंड मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचाच राहतो. त्यामुळे रिकाम्या गाडीचं मागचं टोक गतिरोधकावर उसळतं, चाकं क्षणभर रस्ता सोडतात आणि त्याच क्षणी ब्रेक लावला तर गाडी आडवी सरकू शकते.

मालाचंही नुकसान होतं. आदळलेल्या डाळिंबाची साल वरून ठीक दिसली, तरी आतले दाणे तपकिरी पडू शकतात.

खरेदीआधी वजनकाट्यावर जा

शॉकअप निवडण्याआधी गाडीवर प्रत्यक्षात किती वजन असतं हे कळायला हवं. अंदाज बहुतेकदा कमी निघतो.

उदाहरण घ्या. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो डाळिंब धरलं तर ६० क्रेट म्हणजे १,२०० किलो. पण रिकाम्या क्रेटचं वजनही दीड-दोन किलो असतं, म्हणजे आणखी शंभरेक किलो. सोबत दोन हमाल बसले तर एकूण भार १,४०० किलोच्या पुढे जातो. हिशेबात '१२ क्विंटल माल' असला तरी १.३ टन क्षमतेची गाडी ओव्हरलोड झालेली असते.

वजनकाट्यावर तीन आकडे घ्या: रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं एकूण वजन आणि भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून येणारं वजन. हे आकडे आरसीवरच्या वजनांशी ताडून पाहा. मर्यादेतल्या भारालाही गाडी बसत असेल तर पाटे थकलेले किंवा तुटलेले असू शकतात. ते आधी दुरुस्त करा, शॉकअपचा विचार नंतर.

कोणता शॉकअप कोणासाठी?

• ट्विन-ट्यूब: एकात एक दोन नळ्या असतात. स्वस्त, आरामदायी आणि बाहेरच्या नळीला थोडा पोचा आला तरी सहसा चालत राहतो. रोजच्या मालवाहतुकीला हा पुरतो. त्यात कमी दाबाचा नायट्रोजन असेल तर तेलाला फेस कमी येतो.

• मोनोट्यूब: एकच नळी, त्यात तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र दगड लागून नळीला पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो आणि किंमतही जास्त असते.

• बाहेर टाकी असलेला शॉकअप: तेल जास्त मावतं, म्हणून तापायला वेळ लागतो. लांब पल्ल्याच्या, वेगवान ऑफ-रोडिंगसाठी तो बनवलेला असतो. बागेपासून बाजारापर्यंतच्या फेऱ्यांसाठी हा खर्च सहसा वसूल होत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेल तापलं की पातळ होतं आणि शॉकअपची पकड ढिली पडते. तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर भरलेली गाडी पळवणाऱ्याला म्हणून मोनोट्यूबचा फायदा जाणवतो. कमी अंतराच्या फेऱ्या असतील तर चांगला ट्विन-ट्यूब पुरेसा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात चिकट काळ्या मातीत गाडी रुतते, तो प्रश्न टायर आणि फोर-व्हील ड्राइव्हचा आहे. महागडा शॉकअप तिथे काही करू शकत नाही.

लांबी चुकली तर नवा शॉकअपही फुटतो

पाटे बदलून गाडी उंच केली असेल तर मूळ लांबीचा शॉकअप अपुरा पडतो. चाक खाली लोंबलं की तो पूर्ण ताणला जातो आणि झटके खातो. उलट, जास्त लांब शॉकअप गाडी पूर्ण दबल्यावर आतून आदळतो. योग्य लांबीची खूण अशी: गाडी पूर्ण दबताना आधी बंप स्टॉपचं रबर टेकलं पाहिजे, शॉकअप नाही.

बसवताना तीन गोष्टी पाहा. शॉकअप जोडीनेच बदला. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या. जॅकवर असताना आवळले तर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. पाट्यांना हात लावला असेल तर काही दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

ट्यूनिंग कसं करायचं?

काही शॉकअपना कडकपणा बदलणारी खुंटी असते. तिच्याने कंप्रेशन बदलतं, रिबाउंड बदलतं की दोन्ही, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. त्याआधी टायरची हवा दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. हवा चुकीची असेल तर पुढची सगळी चाचणी फसवी ठरते.

मग एक-दोन किलोमीटरचा ओळखीचा खराब रस्ता निवडा. भार तोच, वेग तोच ठेवा. मधल्या सेटिंगपासून सुरुवात करा, एका वेळी एकच गोष्ट एक-दोन क्लिक बदला आणि लिहून ठेवा.

• गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डोलते: रिबाउंड कमी आहे, वाढवा.

• सलग खड्ड्यांत मागची बाजू हळूहळू खाली बसत जाते आणि मग रस्ता दगडासारखा लागतो: रिबाउंड जास्त आहे. चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. कमी करा.

• मोठ्या खड्ड्यात 'धाड' आवाज येतो: आधी भार आणि पाटे तपासा, मग कंप्रेशन वाढवा.

• बारीक खडीवरही हादरे बसतात: टायरची हवा किंवा कंप्रेशन जास्त आहे.

भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी एकच सेटिंग आदर्श ठरत नाही. खुंटी असेल तर दोन सेटिंग लिहून ठेवा. नसेल तर जास्त फेऱ्या ज्या भाराच्या असतात, त्यानुसार शॉकअप घ्या आणि जड माल हौद्याच्या पुढच्या भागात, मागच्या ॲक्सलच्या पुढे रचा.

शॉकअप मेला आहे का हे ओळखायलाही एक सोपी चाचणी आहे. खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही बाजूंच्या शॉकअपचं तापमान तपासा. एक गरम आणि दुसरा गारच असेल तर गार असलेला काम करत नाहीये. हात जपून लावा, चटका बसू शकतो. तेलाचे थेंब गळत असतील किंवा टायर चकत्या-चकत्यांनी झिजला असेल, तर त्याही धोक्याच्या खुणा आहेत.

कायदा काय सांगतो?

पाटे वाढवल्याने गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. जास्तीचा माल उतरवण्याचा खर्चही वेगळा.

मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही साधी दुरुस्ती आहे. पण गाडीची उंची किंवा रचना बदलली तर कलम ५२ लागू होऊ शकतं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा दावा करतानाही अडचण येऊ शकते. त्यामुळे लिफ्ट किट घेण्याआधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

खर्चाचा क्रम म्हणून असा ठेवा: आधी वजनकाटा, मग टायर आणि पाटे, मग शॉकअप, शेवटी ट्यूनिंग. वजनकाट्याच्या पावतीला लागणारे पैसे शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ असतात आणि कित्येकदा त्या पावतीवरूनच कळतं, की दोष शॉकअपचा नसून जास्तीच्या दहा क्रेटचा आहे.