वऱ्हाडातील सणाचे लुगडे : हौस, ऋण आणि स्त्रीधन

सणासुदीचे दिवस जवळ आले, की अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतल्या गल्ल्यांत आणि अकोल्याच्या गांधी रोडवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. साडी कोणती घ्यावी, भाचीला काय द्यावे, भाऊबीजेला आलेल्या भावाला काय नेसून ओवाळावे, हे प्रश्न आपल्या आयाआज्यांनाही पडत असत. हौस ही काही आजची नाही. मात्र त्या हौसेचे पैसे कोणी आणि कोठून भरले, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने तो थोडक्यात भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या प्रांताला जुने लोक ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत. हे सोने म्हणजे पांढरे सोने, म्हणजेच कापूस. ज्या प्रांतात एवढा कापूस पिकतो, तेथील स्त्रीला सणाचे लुगडे सहज मिळत असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

आगगाडी येण्यापूर्वी लुगडे गावाच्या आसपासच विणले जाई. कोष्टी, साळी, मोमीन यांचे माग गावोगाव चालत. घरच्या बायका सूत कातीत, विणकर त्याचे कापड करून देई आणि मोबदला पुष्कळदा धान्यातच चुकता होई. लाल रंगासाठी आल नावाच्या झुडुपाच्या मुळ्या वापरीत आणि तेवढ्यासाठी आलीचे पीक घेतले जाई. मुळ्या जमिनीत खोल जात. त्या खणून काढणे, कुटणे, त्यांच्या रंगात कापड पुन्हापुन्हा बुडवणे हे मोठे कष्टाचे काम होते. म्हणून चांगले गडद लाल लुगडे मोलाचे असे आणि ते लग्नाकार्यातच अंगावर येई. नऊ वार लुगडे, म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वाआठ मीटर कापड, वर चोळीचा खण. वर्षाकाठी अशी दोन लुगडी ज्या घरी येत, ते घर खाऊनपिऊन सुखी समजले जाई.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्या व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरपर्यंत पोचला. १८७० साली खामगावचा फाटा उघडण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कारंजा येथे १८८६ साली सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला असा तो पहिलाच बाजार होय.

त्या काळी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा इंग्रज कापूस आयुक्त होता. विलायती कापड स्वस्त होऊन येथील माग बंद पडले, तर विणकरांचे हात शेतीला लागतील आणि कापूस अधिक पिकेल, असा हिशेब त्याने उघडपणे मांडला होता. पुढे घडलेही बरेचसे तसेच. ज्या गाडीने कापसाचे गठ्ठे मुंबईस जात, त्याच गाडीने मँचेस्टरच्या कापडाच्या गठड्या परत येत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत आलीची शेती कोणाला परवडेना. एका अर्थी ही स्वस्ताईच होती. जो लाल रंग पूर्वी लग्नातच दिसे, तो आता मजूरबाईच्याही अंगावर दिसू लागला. हे सुख खोटे होते असे म्हणता येणार नाही. मात्र ते घेताना कोष्ट्याचा माग गेला आणि घरचे सूतही गेले. लुगडे आता धान्यावर मिळेना, त्याला रोकड लागू लागली.

येथेच आपल्या कथेची गाठ आहे. शेतकऱ्याच्या घरी रोकड केव्हा येते? कापूस विकल्यावर. आणि सण केव्हा येतात? भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा-कनिष्ठांना नवी लुगडी नेसवावी लागतात. त्यापाठोपाठ भुलाबाई, अंबादेवीचे नवरात्र, दसरा आणि दिवाळी. या दिवसांत कपाशी शेतात उभी असते, नुकती कोठे बोंडे फुटू लागलेली असतात. सीतादही करून वेचणीस हात घालावा, तोच दिवाळी दाराशी उभी राहते. कापूस विकून पैसा हाती येण्यास त्यापुढेही दिवस लागतात. म्हणजे लुगडे आधी येई आणि पैसा मागाहून येई. मधली दरी दुकानदाराच्या वहीने आणि सावकाराच्या कागदाने भरून निघे. ‘ऋण काढून सण’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्राची असली, तरी कापसाच्या या पंचांगामुळे वऱ्हाडात ती घरोघर खरी झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कापूस वेचण्याचे काम मुख्यतः बायकांचे. ओटीत बोंडे भरीत, काट्याकुट्यांनी बोटे सोलून घेत तिने कापूस वेचावा आणि त्याच कापसाचे लुगडे मात्र तिला उधारीने मिळावे! त्या उधारीचा आकडा किती आणि व्याज किती, हे पुष्कळदा तिच्या कानावरही घातले जात नसे. वही पुरुषांच्या हाती, अंगठा पुरुषाचा आणि बोल मात्र तिला, की बायकांच्या हौसेपायी घर बुडाले.

ही हौस केवळ नटण्याची होती काय? आपल्या जुन्या धर्मशास्त्राने स्त्रीला जमिनीत फारसा वाटा दिला नाही, पण माहेरहून आणि आप्तांकडून मिळालेले कपडे व दागिने हे तिचे स्त्रीधन मानले. लुगडे, गोठ, पाटल्या, डोरले, पायांतले चांदीचे वाळे, एवढीच काय ती तिची स्वतःची इस्टेट. दिवाळसणाला आईने दिलेली पुतळी ही अलंकार होती, तशीच अडीअडचणीची ठेवही होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडची माणसे कामाच्या शोधात घरे सोडून निघाली. अशा वेळी आधी मोडले जात ते घरातल्या बाईच्या अंगावरचे चांदीसोने. तेव्हा बायकांच्या दागिन्यांना नुसते खूळ म्हणून हसणाऱ्यांनी हे विसरू नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. तोवर तिची बँक म्हणजे तिचा गळा आणि तिचे हात हीच होती.

विसाव्या शतकात सणाच्या कपड्याला निराळाच अर्थ आला. अमरावतीत १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते, आणि दादासाहेब खापर्ड्यांसारख्या टिळकपक्षीय पुढाऱ्यांमुळे १९०५ नंतरची स्वदेशीची लाट या शहरात लवकर पोचली. पुढे खादी आली. जाडीभरडी, न उठावदार अशी खादी सणाला नेसणे हे त्या पिढीतील स्त्रियांना सोपे गेले नसेल. परंतु सणाच्या दिवशी काय नेसायचे, हा निर्णय देशाच्या प्रश्नाशी जोडता येतो, ही जाणीव त्यातून घराघरांत शिरली. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन-दौऱ्यात गांधीजी सभांमधून स्त्रियांपाशी दागिने मागत, आणि बायका हातांतल्या बांगड्या उतरवून देत. स्त्रीधन स्वतःच्या मर्जीने देऊन टाकण्याचा तो मोठा प्रसंग होता.

याच काळात आपल्याकडेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम मिल ही नावे तर आपल्या घरांतलीच झाली. गिरणीत पाळी करणाऱ्या कामगाराला पगार मिळे, आणि पगारदाराच्या घरचे लुगडे कापसाची वाट पाहत नसे. आज हे भोंगे बंद झाले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले, गिरणीच्या ठाणावर किमतीचा शिक्का मारणे सक्तीचे केले आणि ‘स्टँडर्ड’ नावाचे एकसारखे स्वस्त कापड बाजारात आले. रांगेत उभे राहून मिळेल ते लुगडे घ्यायचे आणि तेच सणाला नेसायचे, असे ते दिवस होते. कापडाची टंचाई हे नऊवारी मागे पडून पाचवारी पातळ रूढ होण्याचे एक कारण असले, तरी तेवढेच नव्हे. शाळेत शिकवायला, कचेरीत कामाला जाणाऱ्या तरुण मुलींना पातळ सुटसुटीत वाटले. त्यावरून घरोघर सासवासुनांचे खटके उडाले आणि शेवटी सासवांनीही पातळे घेतली!

स्वातंत्र्यानंतर नकली रेशमाची पातळे आली, १९६० नंतर नायलॉन आले. रेशमासारखी झुळझुळ थोड्या पैशांत मिळू लागली. धुतले की लगेच वाळते, इस्त्री नको, म्हणून बायका हरखून गेल्या. पण चुलीपुढे आणि स्टोव्हपुढे हेच कापड घातक ठरे. सुती लुगडे पेटले तर ओढून टाकता येते, नायलॉन मात्र वितळून कातडीला चिकटते. झगमगाटाची खरी किंमत कधी कधी दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, ती अशी. सोन्याचेही तसेच. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. ती पुढे सैल झाली, १९६८ चा कायदा आला आणि १९९० साली तोही रद्द झाला. सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांची हौस तर आज एक ग्रॅमच्या दागिन्यांपर्यंत येऊन पोचली आहे. ते अंगावर शोभतात यात शंका नाही, पण अडचणीच्या दिवशी मोडायला नेले तर हाती काही येत नाही. शोभा आणि ठेव या दोन गोष्टी पूर्वी एकाच दागिन्यात होत्या. आता त्या वेगळ्या झाल्या आहेत, हे आपण ओळखून असावे.

या विषयावर आपल्याच मातीतला एक महापुरुष सर्वांपेक्षा स्पष्ट बोलला. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले आणि डिसेंबर १९५६ मध्ये अमरावतीजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा स्वतः चिंध्यांचे ठिगळ अंगावर घालून फिरले. कीर्तनातून ते लोकांना कळवळून सांगत, की कर्ज काढून सण करू नका, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका. त्यांच्या सांगण्याचे मोल किती मोठे होते हे आज शिकलेल्या वऱ्हाडाकडे पाहिले की कळते. तरीही एक मुलगी, एक सून म्हणून मनात प्रश्न येतोच, की काटकसर करताना पहिला हात लुगड्यालाच का? मालकाचा पानतंबाखू, मानापानाचे आहेर, लग्नातले बँड यांची पाळी आधी का नाही? बाबांच्या कीर्तनात दारूवर आणि वायफळ खर्चावरही तेवढेच कोरडे असत, हे खरे. घरी आल्यावर मात्र पुरुषमंडळींना त्यातले लुगड्याचे वाक्य तेवढे नेमके आठवे!

या प्रश्नाचे उत्तर मला स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीत दिसते. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला आणि खेड्यातल्या बाईच्या नावाने खाते उघडले गेले. भिशी तर आपल्या मंडळांतून त्याच्याही आधीपासून चालत आली आहे. ज्या घरी बाई महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकते, त्या घरी दिवाळीचे पातळ कापसाच्या भावावर अवलंबून राहत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी कर्जाने पिचलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. कर्जापायी कुंकू पुसले गेलेली घरे आपण जवळून पाहिली आहेत. म्हणून स्वस्त आणि महाग यांची चर्चा आपल्याला केवळ बाजारभावाची राहिलेली नाही.

आज अमरावतीजवळ बिझीलँडसारख्या ठोक बाजारांतून साड्यांचे ढीग मिळतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. आपल्या कापसाचे कापड पुन्हा आपल्याच जिल्ह्यात व्हावे, ही दीडशे वर्षांपूर्वी मोडलेली साखळी पुन्हा जुळावी, अशीच कोणाचीही इच्छा असेल. पण साडी कोठेही विणलेली असो, तिची किंमत शंभरात असो वा हजारांत, खरी परवडणारी साडी तीच, जिचे पैसे नेसण्याआधी चुकते झालेले आहेत आणि जिचा हिशेब नेसणारीला ठाऊक आहे.

संक्रांतीच्या वाणाला आणि दिवाळीच्या भेटीला काय द्यावे, असे मंडळात दरवर्षी विचारले जाते. सुती ब्लाऊजपीस द्यावा, हातमागाचा टॉवेल द्यावा, गटातल्या भगिनींनी शिवलेली पिशवी द्यावी. लेकीला आणि सुनेला मात्र साडीबरोबर तिच्या स्वतःच्या नावाचे एक बचतपुस्तकही द्यावे. साडी विरली की तिची वाकळ होते. पुस्तकातली रक्कम तिची तिलाच राहते. आपल्या आज्यांनी गळ्यातल्या पुतळीत जे साठवून ठेवले होते, तेच हे नव्या रूपातले स्त्रीधन होय.