चाकणचा किल्ला आणि घरातली फायरवॉल

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचं जेवण उरकून मी नववीच्या उर्दूच्या वह्या तपासत बसलो होतो. मुलगी कॉम्प्युटरवर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कुठलासा प्रोग्राम टाकत होती. मध्येच म्हणाली, "अब्बा, हे काय विचारतंय बघा ना. परवानगी द्यायची का?" विंडोजची ती नेहमीची चौकट होती. फायरवॉलने या प्रोग्रामचं काही काम अडवलंय, खासगी नेटवर्कवर परवानगी देता की सार्वजनिक? मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "दे." ती म्हणाली, "का पण?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत मी लाल शेरा मारतो आणि इथे मी तेच करत होतो. शाळेतले सहकारीही अधूनमधून विचारतात, "सर, घरच्या कॉम्प्युटरला कुठली फायरवॉल चांगली?" त्या सगळ्यांसाठी हा लेख. पण नुसती नावं सांगून भागणार नाही. हा पहारेकरी आपल्या घरात कसा आला, हे आधी पाहिलं तर निवड सोपी जाते.

आम्ही महाळुंग्यात राहतो. चाकणचा भुईकोट, म्हणजे संग्रामदुर्ग, इथून काही किलोमीटरवर आहे. १६६० साली शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढवला, हे आमच्या भागातल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. अखेर बुरुजाखाली सुरुंग उडवून मोगल आत शिरले. याच किल्ल्याचा त्याआधीचा एक वेढा मात्र फारसा कुणाला माहीत नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी कोकणच्या स्वारीत मारला गेला. त्याच्या फौजेतले वाचलेले परदेशी, म्हणजे इराण-अरबस्तानाकडून आलेले लोक, चाकणच्या आश्रयाला आले. दरबारातल्या दखनी सरदारांनी त्यांना बंडखोर ठरवून वेढा घातला. किल्ला काही पडेना. मग सुलतानाने माफी दिल्याचं सांगून, शपथा घेऊन त्यांना बाहेर काढलं, मेजवानीला बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. ही हकीकत फरिश्त्याने लिहिली आहे. तो स्वतः इराणी घराण्यातला, त्यामुळे त्याचा कल कुणाकडे आहे ते उघड आहे. तरी मुद्दा उरतोच. एकाच किल्ल्याला एकदा तटाखालून भगदाड पडलं आणि एकदा आतल्यांनीच दार उघडलं. फायरवॉलच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी पुन्हा भेटतात.

घरचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नव्हता, तेव्हा रोग यायचा तो फ्लॉपीतून. १९९० च्या सुमारास भारतात पसरलेला 'जोशी' नावाचा व्हायरस जुन्या लोकांना आठवत असेल. ५ जानेवारीला तो कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. अशाच काळात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून 'क्विक हील' उभं केलं. तेव्हा गरज अँटीव्हायरसची होती, म्हणजे आत आलेला चोर ओळखण्याची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं आणि हळूहळू घराला चोवीस तास उघडा रस्ता मिळाला. आता दारावर कुणीतरी हवं होतं.

२००३ साली मी बीएड करत होतो. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सायबर कॅफेत पाठ-टाचण टाइप करत असताना पडद्यावर सूचना आली, साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार. आकडा उलटा मोजत गेला आणि माझं टाचणही गेलं. कॅफेवाल्याने मलाच दटावलं, "काय दाबलंत?" मी काहीच दाबलं नव्हतं. तो 'ब्लास्टर' होता. ११ ऑगस्टला सुटलेला हा वर्म १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून, विंडोजमधल्या एका चुकीचा फायदा घेत, कुणीही काहीही न उघडता आत यायचा. हा आपला सुरुंग. मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त करणारा पॅच १६ जुलैलाच दिला होता. त्याहून खेदाची गोष्ट अशी की विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून फायरवॉल होती, फक्त ती बंद ठेवून दिली होती. ऑगस्ट २००४ मध्ये 'सर्व्हिस पॅक २' आला आणि ती आपोआप चालू राहू लागली. घरगुती सुरक्षेच्या इतिहासात या एका बदलाने जे काम केलं, ते विकतच्या कितीतरी डब्यांना जमलं नसेल.

पण एक्सपीची ही फायरवॉल फक्त आत येणाऱ्याला अडवायची. आतून बाहेर कोण काय नेतंय, हे ती विचारतच नव्हती. तो प्रश्न विचारणारी, घरोघर पोचलेली फायरवॉल म्हणजे 'झोन अलार्म'. २००० पासून ती फुकट मिळू लागली. कुठलाही प्रोग्राम पहिल्यांदा इंटरनेटकडे निघाला की ती थांबवून विचारायची, याला जाऊ देऊ का? त्याच वर्षी स्टीव्ह गिब्सन यांनी 'लीक टेस्ट' नावाचा एक छोटा प्रोग्राम काढला. तो बाहेर पडायचा प्रयत्न करायचा, बस्स. त्यातून कळलं, की काही फायरवॉली प्रोग्रामला केवळ फाइलच्या नावावरून ओळखतात. ओळखीच्या ब्राउझरचं नाव लावा, पहारेकरी सलाम करून सोडतो.

मग बाहेर जाणाऱ्याला कोण जास्त अडवतं याची चढाओढ लागली. केरिओ, आउटपोस्ट, कोमोडो अशी नावं पुढे आली, चाचण्यांच्या गुणपत्रिका निघू लागल्या. 'कोमोडो' तर इतके प्रश्न विचारायची की माणूस कंटाळून प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायचा. शिक्षक म्हणून मला यात नवल वाटत नाही. पेपर फार लांबला की हुशार मुलगाही शेवटचे प्रश्न अंदाजाने सोडवतो.

पहारेकरीच भगदाड ठरल्याचं उदाहरणही याच काळातलं. मार्च २००४ मध्ये 'विटी' नावाचा वर्म आला. तो 'ब्लॅकआइस' या फायरवॉलच्याच आणि त्या कंपनीच्या इतर सुरक्षा प्रोग्रामच्या चुकीतून शिरायचा. ती चूक जाहीर होऊन जेमतेम दिवस झाला होता. सुमारे १२ हजार कॉम्प्युटरना त्याने गाठलं आणि डिस्कवर अंदाधुंद खरडून माहितीची नासाडी केली. ज्यांनी काळजी घेतली होती, नेमकं त्यांचंच नुकसान झालं. जुनी, अपडेट न होणारी फायरवॉल ठेवण्याचा धोका यातून समजावा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाचं 'इनपेज'शिवाय चालत नाही. प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची पत्रिका, निकाहाचे कार्ड, सगळं त्यातच. २०१५ मध्ये मी एका दुकानातून त्याची नकली प्रत टाकून घेतली. दुकानदार म्हणाला, "सर, हे बसायला अँटीव्हायरस, फायरवॉल बंद करावं लागतं." त्याने बंद केलं, मी पाहत होतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'च्या बातम्या आल्या तेव्हा घाबरून मी पहिल्यांदा सेटिंग उघडलं. फायरवॉल दोन वर्षं बंदच होती.

त्या दोन वर्षांत माझ्या कॉम्प्युटरवर काय होतं? अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे फॉर्म आम्ही शिक्षक घरी बसून भरतो. शाळेत नेट चालत नाही, पालकांना जमत नाही. शेकडो मुलांचे आधार क्रमांक, आईवडिलांची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले, फोटो. बरेचसे पालक चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर. त्यांनी माझ्या हातात कागद ठेवले ते 'सर आहेत' या भरवशावर. ही अमानत होती. घरातला सोन्याचा दागिना गेला तर जागा रिकामी दिसते. माहितीची नक्कल गेली तर मूळ जागच्या जागी असतं. काही गेलं की नाही, हे मी त्या पालकांना आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि ही भीती हवेतली नव्हती. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की कंपनीने जाहीर केलं होतं, की इनपेजमधल्या एका चुकीचा वापर करून आशिया-आफ्रिकेतल्या बँकांवर आणि सरकारी कार्यालयांवर हल्ले झाले आहेत. मेलमधून इनपेजची फाइल यायची. उघडली की आतला चोर जागा होऊन बाहेरच्या सर्व्हरशी बोलू लागायचा. आम्हा उर्दूवाल्यांच्या रोजच्या फाइलमधूनच! इथे आत येणाऱ्याला अडवणारी भिंत उपयोगाची नाही, कारण दार आपणच उघडलेलं असतं, चाकणच्या त्या परदेशी सैनिकांसारखं. निदान बाहेर जाताना कुणीतरी हटकायला हवं.

हे लक्षात घेऊन आजची तुलना करू. विंडोजची स्वतःची फायरवॉल फुकट आहे, चालू असते, आणि बाहेरून येणाऱ्याला चांगलं अडवते. बाहेर जाणाऱ्यावर नियम लावायची सोय तिच्यात व्हिस्टापासून आहे, पण मुळात ती सगळ्यांना जाऊ देते. मुलीच्या पडद्यावरची चौकटसुद्धा आत येण्याबद्दलच होती. क्विक हीलसारख्या विकतच्या संचात फायरवॉल अँटीव्हायरसबरोबर येते. वर्गणी भरत राहणार असाल तरच ती घ्यावी. कोमोडो आणि झोन अलार्म फुकट मिळतात आणि हटकतात, पण उत्तरं देण्याचा धीर हवा. मधला मार्ग म्हणजे 'विंडोज फायरवॉल कंट्रोल'. ते विंडोजच्याच फायरवॉलवर बसतं आणि बाहेर निघालेल्या नव्या प्रोग्रामबद्दल विचारतं. 'ग्लासवायर' कोणता प्रोग्राम किती माहिती कुठे पाठवतोय ते आलेखात दाखवतं. दोन वेगळ्या फायरवॉली एकदम चालवू नयेत, दोघांची भांडणं लागतात. घरच्या राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलावा.

मी विंडोजची फायरवॉल आणि वर ते 'कंट्रोल' ठेवलं आहे. पहिल्या आठवड्यात प्रश्नांनी जीव नकोसा केला, मग ते कमी झाले. इनपेजची अधिकृत प्रत घेतली. तिला इंटरनेटची गरज नाही, म्हणून तिचा बाहेरचा रस्ता बंद केला. शिष्यवृत्तीचे जुने फॉर्म, ज्यांची आता गरज नाही, ते एका रविवारी बसून पुसून टाकले. जे पुसलेलं आहे, त्याची राखण करावी लागत नाही.

मुलीच्या त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघांनी मिळून शोधलं. तो प्रोग्राम तिच्या प्रोजेक्टसाठी घरातल्या घरात चालणार होता, बाहेरून कुणी त्याला जोडून घ्यायची गरजच नव्हती. तिने परवानगी नाकारली. प्रोजेक्ट तरीही व्यवस्थित चालला.