बिशप अजायी क्राउथर: खुर्ची दिली, अधिकार ठेवून घेतले



सरकारी कचेरीत 'चार्ज' नावाचा एक प्रकार असतो. साहेब बदलून जातात, नवे साहेब येत नाहीत, मग एखाद्याला बोलावून सांगतात, "तोवर तू सांभाळ." कपाटाच्या चाव्या मिळतात, लोकांच्या तक्रारी मिळतात, विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायचं काम मिळतं. सही करायचा अधिकार तेवढा मिळत नाही. मी स्वतः असा चार्ज आठ महिने सांभाळला आहे. शेवटी एक कागद चुकला, तेव्हा मेमो मात्र न चुकता माझ्याच नावाने आला!

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या वाचत असलेली एका आफ्रिकन बिशपची हकिकत. आपल्या गोव्यात बिशप म्हटलं की पणजीच्या आल्तिनोवरचा बिशप पॅलेस डोळ्यांसमोर येतो. हा बिशप मात्र कॅथलिक नव्हे, अँग्लिकन. म्हणजे सोळाव्या शतकात रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचा. या चर्चमध्ये पोपची सत्ता चालत नाही आणि पाद्री, बिशप लग्न करून संसार करू शकतात. अशा या चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप म्हणजे सॅम्युएल अजायी क्राउथर.

अजायीचा जन्म १८०९ च्या सुमारास आजच्या नायजेरियातल्या ओसोगून या योरुबा गावी झाला. १८२१ साली गावावर धाड पडली आणि आई, बहिणींसह हा पोरगा गुलाम म्हणून पकडला गेला. एका हातातून दुसऱ्या हातात, असा तो अनेकदा विकला गेला. शेवटी लागोसच्या किनाऱ्यावर त्याला विकत घेतलं ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी. साडेचारशे वर्षं पोर्तुगिजांचा अंमल पाहिलेल्या आपल्या गोवेकरांना इथे थोडं थांबावंसं वाटेल. ज्यांच्या राज्यात आपले पूर्वज राहिले, त्यांच्याच गलबताच्या तळाशी हे तेरा-चौदा वर्षांचं पोर साखळदंडात बसलं होतं. गलबताचं नाव होतं 'एस्पेरांसा फेलिस', म्हणजे 'सुखाची आशा'. काय म्हणावं या नावाला!

७ एप्रिल १८२२ रोजी ब्रिटिश आरमाराच्या 'मर्मिडन' जहाजाने हे गलबत पकडलं. सुटलेल्या गुलामांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊन बंदरात उतरवण्यात आलं. तिथे अजायी मिशनच्या शाळेत गेला आणि काही महिन्यांतच वाचायला शिकला. १८२५ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. लंडनच्या एका पाद्र्याच्या नावावरून त्याचं नाव सॅम्युएल क्राउथर ठेवण्यात आलं. १८२७ मध्ये फ्रीटाऊनला फोराह बे कॉलेज निघालं, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. पुढे ज्या मुलीशी त्याचं लग्न झालं, तीही गुलामांच्या जहाजावरून सुटून आलेली. नाव असानो, बाप्तिस्म्यानंतर सुसान.

१८४१ साली इंग्रजांनी नायजर नदीतून वर जाणारी मोठी मोहीम काढली. क्राउथर त्या मोहिमेत होते. तापाने सगळा बेत उधळला. सुमारे दीडशे युरोपियनांपैकी चाळीसच्या आसपास दगावले. त्यातून लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीने धडा घेतला की आफ्रिकेत काम करायचं तर आफ्रिकन माणसंच हवीत. १८४३ मध्ये लंडनमध्ये क्राउथरना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

१८४६ साली ते आपल्या योरुबा मुलखात, अबेओकुटा गावी, मिशनरी म्हणून आले. तिथे त्यांना त्यांची आई सापडली. मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. बोलणं सुचेना, दोघं एकमेकांकडे नुसतीच पाहत राहिली. पुढे आईनेही बाप्तिस्मा घेतला आणि नाव घेतलं हॅना. बायबलमध्ये सॅम्युएलच्या आईचं नाव हॅना आहे, म्हणून.

आता मला सर्वांत आवडलेला भाग सांगतो. क्राउथरनी योरुबा भाषेचा शब्दसंग्रह आणि व्याकरण छापलं, बायबलचं भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी ते बाजारात, म्हाताऱ्यांच्या बैठकीत, जुन्या धर्माच्या पुजाऱ्यांकडेही जात. म्हणी आणि शब्द टिपून ठेवत. योरुबात एकच शब्द सूर चढवून किंवा उतरवून म्हटला की अर्थ बदलतो. तो सूर रोमी लिपीत कसा पकडायचा, कोणत्या अक्षराखाली टिंब द्यायचं, यावर मिशनरींत वर्षानुवर्षं खल चालला. १८६२ साली लागोसमध्ये त्यांच्या घराला आग लागली आणि अकरा वर्षांत जमवलेले शब्द, म्हणी आणि हस्तलिखितं जळून गेली. माणूस पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला. १८८० च्या दशकात योरुबा बायबल पूर्ण झालं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला रोमी लिपीतच छापलं गेलं. पण स्टीफन्स होता इंग्लंडचा, परक्याची भाषा शिकलेला. क्राउथर आपल्या आईची भाषा कागदावर उतरवत होते. हा फरक मला मोठा वाटतो.

सोसायटीचे सेक्रेटरी होते हेन्री व्हेन. स्थानिक चर्चने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि प्रसारही आपणच करावा, असं त्यांचं मत. त्यांच्या आग्रहाने २९ जून १८६४ रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये क्राउथर बिशप झाले. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या जहाजाने त्यांना सोडवलं, तो कप्तान लीक तोवर अ‍ॅडमिरल झाला होता. त्या समारंभाला तो मुद्दाम हजर होता.

इथून पुढे आम्हा कारकुनांना ओळखीचा वाटणारा भाग सुरू होतो. बिशप तर केलं, पण नेमणुकीचा कागद नीट वाचा: 'आमच्या राज्याच्या हद्दीपलीकडचा पश्चिम आफ्रिका'! म्हणजे जिथे इंग्रजांचं राज्य नाही, तो अफाट मुलूख. लागोस आणि अबेओकुटा इथले गोरे मिशनरी मात्र त्यांच्या हाताखाली दिले नाहीत. काळ्या बिशपचा हुकूम आम्ही मानणार नाही, असा त्यांचा सूर होता. हेन्री टाउनसेंड हे मिशनरी त्या विरोधात पुढे होते. ज्यांची भाषा त्यांनी लिहून काढली, तेच गाव त्यांच्या धर्मप्रांताबाहेर. त्यांच्या वाट्याला आलं नायजरचं खोरं, जिथल्या इग्बो, नुपे वगैरे भाषा त्यांनाही शिकाव्या लागणार होत्या.

माणसं थोडी, पैसा थोडा, मिशनची ठाणी शेकडो मैल लांब, प्रवासाला बहुधा व्यापाऱ्यांची आगबोट. सिएरा लिओनहून आलेल्या मदतनिसांपैकी काहींच्या वागण्यात खोट होती, काही व्यापारातच रमले. हे खोटं नाही. बिशप स्वभावाने मऊ होते, कडक कारवाई त्यांना जमली नाही, हेही खरं. पण १८७३ मध्ये व्हेन वारले आणि पाठीराखा गेला. नायजरच्या तेलाच्या व्यापारात इंग्रज कंपन्या पाय रोवू लागल्या, आणि काळा माणूस वरच्या जागी बसू शकतो हा विश्वासच इंग्लंडमध्ये उरला नाही. मग एकेकाच्या चुका सबंध जातीच्या खात्यावर लिहिल्या गेल्या.

ऑगस्ट १८९० मध्ये ओनित्शा इथे समितीची बैठक भरली. इंग्लंडहून आलेल्या, नातवंडांच्या वयाच्या मिशनरींनी ऐंशी वर्षांच्या बिशपसमोर त्यांच्या पाद्र्यांना निलंबित केलं. त्यांत त्यांचा मुलगा आर्चडीकन डँडेसनही होता. पाद्र्याला निलंबित करायचा अधिकार बिशपचा. तो त्यांच्या देखत समितीने वापरला. क्राउथरनी समितीचा राजीनामा दिला. पुढे त्यांना पक्षाघात झाला आणि ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोसला ते गेले. त्यांच्या जागी युरोपियन बिशप आला. स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारा आफ्रिकन बिशप नायजेरियाला पुन्हा मिळायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ जावा लागला.

हे आपल्याला नवं नाही. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोला गोव्याच्या आर्चबिशपने पाद्री करायला नकार दिला. तो रोमला गेला आणि १६३७ मध्ये बिशप झाला, पण गोव्याच्या पोर्तुगिजांनी त्याला मानलं नाही. अखेर त्याने ठाणं मांडलं ते आदिलशाहीतल्या डिचोलीला. एक कॅथलिक, एक अँग्लिकन, मध्ये सव्वादोनशे वर्षं. पण दोघांच्याही बाबतीत प्रश्न एकच: बाप्तिस्मा दिला, पण बरोबरीने बसवणार का?

२०१४ मध्ये, क्राउथर बिशप झाल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, त्याच कँटरबरी कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी या अन्यायाबद्दल जाहीर माफी मागितली. माफी उशिरा आली, पण आली. त्याआधी त्यांच्या घरातूनच एक उत्तर निघालं होतं. क्राउथरचा नातू, मुलीचा मुलगा, हर्बर्ट मॅकॉले हा नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीचा आद्य पुढारी ठरला.

आणि ती टिंबं देऊन लिहिलेली योरुबा आज कोट्यवधी लोक वाचतात, लिहितात. समितीचे ठराव कोणाला ठाऊक आहेत? मला चार्जच्या त्या आठ महिन्यांचा राग अजूनही अधूनमधून येतो. हा माणूस घर जळल्यावर पुन्हा पहिल्या शब्दापासून वही लिहायला बसला, हे वाचल्यावर माझी मलाच थोडी लाज वाटली.