करारावर फुटणारे खापर

वऱ्हाडातल्या पुसदच्या बाजारात कापूस उतरला की कारण तयारच असते: दिल्लीने कुठल्या तरी देशाशी करार केला आणि आपला भाव मातीत गेला. शेतकरी हेच म्हणतो, अडत्या हेच म्हणतो, सभेतला पुढारी तर आवाज चढवून म्हणतो. वऱ्हाडाला करारांचा संशय यावा याला जुने कारणही आहे. 1853 च्या तहाने निजामाने फौजेच्या खर्चापोटी हा सगळा कापूसपट्टा ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तेव्हा इथल्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. पण आजच्या कापसाचा आणि तुरीचा हिशेब मांडला, तर खापर भलत्याच डोक्यावर फुटते आहे.

भारत-ऑस्ट्रेलिया करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला. त्यानुसार तिथला लांब धाग्याचा कापूस वर्षाला 51,000 टनांपर्यंत शुल्काविना येऊ शकतो. 170 किलोची गाठ धरली तर या झाल्या 3 लाख गाठी. आपल्या गिरण्यांना वर्षाला लागतात 300 लाखांच्या आसपास. शंभरातली ही एक गाठ पुसदचा भाव पाडते, हे पटवणे अवघड आहे. शिवाय तिच्या बदल्यात ऑस्ट्रेलियाने भारतीय कापड आणि कपड्यांवरचे 5 टक्के शुल्क सोडले.

आता 19 ऑगस्ट 2025 पाहा. केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे वेचणी सुरू होऊन पहिला माल जिनिंगला निघतो, नेमके तेच महिने. हा कोणताही करार नव्हता, एकतर्फी अधिसूचना होती. तिच्यात गाठींची मर्यादा नव्हती, आणि बदल्यात कुणी आपल्या सुतासाठी काही सोडले असेही नाही. लाभ ब्राझीलला आणि अमेरिकेलाही मिळाला. त्या दोघांशीही तेव्हा आपला मुक्त व्यापार करार नव्हता. गिरणीवाल्यांची अडचण खरी होती, अमेरिकेने आपल्या मालावर जबर शुल्क लादले होते. पण त्यांची अडचण भागवली ती पऱ्हाटीवाल्याच्या हंगामातून.

तुरीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिथे प्रतिपक्षाला थोडे द्यावेही लागते. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी समझोता झाला: पहिल्या वर्षी 1 लाख टन तूर, दरवर्षी वाढवत 2020-21 मध्ये 2 लाख टन. त्याच हंगामात तूर हमीभावाच्या, म्हणजे 5,050 रुपयांच्या खाली गेली आणि समझोता बदनाम झाला. पण 2016-17 मध्ये देशातच तूर झाली होती सुमारे 48 लाख टन, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. आणि ती बाहेर पाठवायचीही सोय नव्हती, कारण 2006 पासूनची निर्यातबंदी उठली ती सप्टेंबर 2017 मध्ये. इतक्या तुरीसमोर लाखभर टनांचा काय पाड!

मग ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये तूर फारशी खात नाहीत, भारतासाठीच पिकवतात. तिथल्या लहान शेतकऱ्यांचेही भाव कोसळले. दोन खंडांतले दोन कास्तकार एकाच वर्षी बुडाले, आणि दोन्हीकडे घाव घातला तो दिल्लीच्या धोरणाने: इथे वेळेत न उठलेल्या निर्यातबंदीने, तिथे अचानक आलेल्या मर्यादेने. समझोत्यातला माल त्या मर्यादेतून वगळला होता, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांचे थोडे तरी वाचले. इथल्या टीकाकाराचा आक्षेप नेमका इथे बसतो: आपल्याकडे तुरीचे ढीग लागलेले असताना तो माल यायचा थांबला नाही.

मला यात दोष करार करण्याचा दिसत नाही, कराराच्या अपुरेपणाचा दिसतो. त्यात टन लिहिले, महिने लिहिले नाहीत. मोझांबिकची तूर साधारण ऑगस्टपासून निघते, आपली डिसेंबर-जानेवारीनंतर. ऑस्ट्रेलियाचा कापूस एप्रिल-मेमध्ये वेचला जातो, तेव्हा आपल्याकडे उलंगवाडी झालेली असते. दक्षिण गोलार्धातली ही उलटी ऋतुचक्रे दोन्ही देशांच्या कामी येऊ शकतात: त्यांचा माल आपल्या टंचाईत यावा, आपल्या आवकेच्या तोंडावर थांबावा. दोन देशांतले सहकार्य खोल जाते म्हणतात ते अशा कलमांतून. स्वाक्षऱ्यांच्या छायाचित्रांतून नव्हे. अधिसूचनेला असा महिना घालून देता येत नाही, कारण ती काढणारा दुसऱ्या कुणाला बांधील नसतो. तेव्हा करार मोडा म्हणण्याऐवजी पुसदच्या शेतकऱ्याने त्यात हंगामाचे कलम मागावे, आणि शुल्क उठवायचे झाल्यास ते पेरणीच्या आधी जाहीर करण्याची अटही.