भांडेवालीचा हिशोब



आमच्या गटातल्या एका बाईने शाळा सुरू व्हायच्या आधी सासूची पितळी गुंडी मोडीत घातली. साडेतीन किलो भरली. रोख पैसे हातात आले, पोराची वह्या-पुस्तकं झाली, वर थोडं बियाण्यालाही लागलं. गरज होती, तिने विकली. त्यात चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पुढे दिवाळीनंतर ती लेकीकडे पुण्याला गेली. तिथे एका दुकानात तशीच गुंडी मांडलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली, गळ्याला किमतीची चिठ्ठी. ती किंमत वाचून ती तशीच मागे फिरली. बैठकीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी गुंडी नाही विकली व माय. मी पितळ विकलं."

तिच्या त्या बोलण्यावरून आम्ही जुन्या मालाच्या बाजाराची माहिती काढायला लागलो. जी गोष्ट आपल्या घरात अडगळ असते ती दुसऱ्याच्या घरात शोभेची कशी होते? मधल्या मधे कोण कमावतं? आणि हा धंदा आला तरी कुठून? आजचं बोलणं त्याचंच आहे.

सुरुवात आपल्या बाजारापासूनच करू. पातूर बसलंय डोंगराच्या पायथ्याशी. खाली पयनघाट, वर बालाघाट. जुन्या काळी असे पायथ्याचे गाव बाजाराला सोयीचे पडत. खालचा माल वर जायचा, वरचा खाली यायचा, आणि बैलांना दम घ्यायला पायथ्याशी थांबावंच लागायचं. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून घाटाघाटानं फिरत. आपलं गाव किती जुनं, तर अकबर बादशहाच्या काळच्या 'ऐने अकबरी'त नरनाळा सरकारातल्या परगण्यांमध्ये 'पातूर शेख बाबू' हे नाव आहे. ज्यांच्या दर्ग्यावरून ते नाव पडलं तो दर्गा आजही गावात आहे, आणि रेणुकामातेची टेकडी तर लांबूनच दिसते. देवस्थान आलं की यात्रा आली, आणि यात्रा आली की दुकानं आली.

पण त्या वेळच्या बाजारात जुना माल वेगळा असा नव्हता, असं आम्हाला वाटतं. भांडं फुटलं की तांबट डाग द्यायचा, कल्हई गेली की कल्हईवाला यायचा, लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की तिचं पोतेरं. टाकायला काही उरतच नव्हतं, मग विकणार काय?

हे बदललं इंग्रजांच्या काळात. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. त्याच रेल्वेनं इकडून कापूस गेला आणि तिकडून मँचेस्टरचं कापड आलं. हातमागाचं जाड लुगडं वर्षानुवर्षं पुरायचं. गिरणीचं कापड स्वस्त, पातळ, लवकर विरणारं. एक जुनं व्हायच्या आत दुसरं घरात यायला लागलं.

कापसाच्या बाजाराला मात्र कायदा लवकर मिळाला. आपल्या शेजारच्या कारंज्याला 1886 साली सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. 1897 साली सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. वजन कसं करायचं, अडत किती घ्यायची, सगळं लिहिलेलं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कापसाच्या गाडीसोबत बाजारात माणूस जायचा आणि त्याच्या मालाच्या वजनाला कायदा होता. घरातलं पितळ आणि जुनं कापड विकायची ती बाई, दारात उभी राहून. तिच्या तराजूला कायदा विचारायला कोणी आलं नाही.

आणि अडचणीच्या वर्षी तर विचारूच नका. 1899-1900 चा मोठा दुष्काळ, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो वऱ्हाडालाही बसला. आपल्यातल्या काहींना 1972 चा आठवतो, खडी फोडलेली आठवते. दुष्काळात भांडी आणि दागिने विकायला निघतात, आणि सगळ्या घरांतून एकाच वेळी निघतात, म्हणून भाव पडतो. धान्य महाग, पितळ स्वस्त. सुगीत पुन्हा भांडं घ्यावं तर ते नव्या भावानं. ही तूट कोणत्याच वहीत लिहिलेली नसते.

आता भांडेवालीकडे येऊ. पुस्तकी मराठीत तिला बोहारीण म्हणतात. डोक्यावर टोपलं, टोपल्यात चकचकीत भांडी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. ती दारात बसली की गल्लीतल्या चार बाया जमायच्या. आपण तीन लुगडी काढायची, तिनं ती उन्हात धरून पाहायची, फाटलेली जागा बरोबर शोधायची. आपण म्हणायचं, "गंज दे." ती म्हणायची, "ह्याच्यावर डब्बी येते, माय." मग तासभर ओढाताण. आधी पितळेची भांडी असायची, मग जर्मलची, आणि पुढे स्टील आलं. आमच्यातल्या कितीजणींच्या घरातला पहिला स्टीलचा डबा जुन्या कपड्यांवर आलेला आहे! नवऱ्याला न विचारता, घरातल्या पैशाला हात न लावता बाईनं स्वतः केलेला हा सौदा. ती एखादं जरीचं पातळ जास्त वेळ बोटांत धरायची, ते का, हे तेव्हा कळत नव्हतं. जुनी जर खरी असायची, चांदीच्या तारेची, वर सोन्याचं पाणी. तसली पातळं जाळून त्यातली चांदी काढत. आपण कापडाचा भाव करत होतो आणि ती चांदीचा.

तेव्हा तिचा राग यायचा. फसवते म्हणायचो. पण ते गाठोडं घेऊन ती पुढे जाते कुठे, हे पाहिलं तर चित्र बदलतं. बरे कपडे ती धुते, रफू करते, बटणं लावते, इस्त्री करते आणि शहरातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. मजूर माणूस तिथूनच शर्ट घेतो. अगदी विरलेलं सुती कापड गॅरेजात आणि छापखान्यात पुसायला जातं. लोकरीचं हरियाणातल्या पानिपतला जातं. तिथे जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची घोंगडी विणतात. ही युक्ती मूळची इंग्लंडची. बॅटली नावाच्या गावात 1813 च्या सुमारास ती सुरू झाली. आता खुद्द युरोपातले उतरलेले कपडे पानिपतला येऊन पडतात.

अहमदाबादेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या बायांच्या हातात होता, त्यातही वाघरी समाजाच्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. भांडी उधार घ्यायची, व्याज दिवसाचं, बाजारात बसायला जागा नाही, वर पोलिसांचा त्रास. 1971 साली डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायांनी इला भट्ट यांच्याकडे आपलं गाऱ्हाणं नेलं. ते ऐकून या जुने कपडे विकणाऱ्या बायाही आल्या. त्यांची सभा भरली आणि सभेतलीच एक बाई म्हणाली की आपण आपली संघटनाच काढू. तीच 'सेवा'. सरकारी कचेरीनं नोंदणीला आडकाठी घेतली. म्हणे, तुम्हाला मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? शेवटी एप्रिल 1972 मध्ये नोंदणी झाली. 1974 साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपये भाग भांडवल टाकून स्वतःची बँक काढली. त्यात कितीतरी निरक्षर होत्या. आपण आज गटाच्या बैठकीत शंभर-दोनशेची बचत मोजतो, त्याच्या कितीतरी आधी ज्यांनी हा हिशोब मांडला, त्यांच्यात आपल्या दारातल्या त्या भांडेवालीच्या धंद्यातल्या बाया होत्या. तिला आपण चौकटीच्या आत येऊ देत नव्हतो, पाणीही वरून ओतायचो. हे सांगताना आम्हाला लाज वाटते, पण सांगायला पाहिजे.

असंच काहीसं परदेशातही झालं. फ्रान्समधल्या पॅरिस शहरात चिंध्या आणि कचरा वेचणारी हजारो माणसं होती. चिंध्यांना तिकडे मोठी किंमत होती, कारण लाकडाचा लगदा यायच्या आधी कागद चिंध्यांचाच करत. 1883 साली पुबेल नावाच्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं कचऱ्याला झाकणाचा डबा ठेवायचा. स्वच्छतेसाठी चांगलंच, पण रस्त्यावरच्या ढिगातून वेचणाऱ्यांचं पोट मारलं गेलं. त्यांनी आरडाओरड केली, हुकूम काही फिरला नाही. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. साहेबाचं नाव असं अमर झालं! वेचणारी माणसं शहराच्या वेशीबाहेर सेंत-उआँ भागात आपला माल मांडून बसत. त्या बाजाराची सुरुवात 1885 ची धरतात. जुन्या गाद्या-कपड्यांत पिसवा असणार, म्हणून लोक त्याला पिसवांचा बाजार म्हणू लागले. आज तिथे जगभरचे प्रवासी जातात. मोडक्या खुर्च्या, पितळी दिवे, आजीबाईंनी विणलेल्या जाळीच्या पट्ट्या, सगळं काचेत ठेवून विकतात. नाव तेच आहे, पिसवा मात्र गेल्या. आणि वेचणारेही गेले. आता दुकानं दुसऱ्यांची आहेत.

आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. गावोगावच्या मोडीतलं जे चांगलं असतं ते बाजूला काढून तिकडे जातं. मोडवाला सगळंच भट्टीत घालत नाही. गुंडी, घंगाळ, कासांडी, पानाचा डबा, समई हे तो वेगळं ठेवतो. आपल्याला भाव देतो किलोचा, पुढे विकतो नगानं. यात बेकायदा काही नाही. त्याला ओळख आहे, आपल्याला नाही, एवढंच.

ही ओळख ज्यांना होती अशा एका माणसाचं सांगतो. पुण्याचे दिनकर केळकर. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी जमवले अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, वजऱ्या, लाटणी, शेवया करायची यंत्रं. जुन्या बाजारातून, वाड्यांतून, खेड्यांतून. पत्नी कमलाबाई सोबतीला होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं 1962 साली संग्रहालय सुरू झालं, आणि 1975 साली त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत. पुण्याला गेलात तर जरूर पाहा. आमच्या चौघीजणी गेल्या होत्या. तिथे काचेमागे वजरी पाहून एक जण म्हणाली, "ही त माह्या मायच्या न्हाणीत होती!" आपल्या आयांनी रोज हाताळलेली वस्तू आणि तिच्यापुढे तिकीट काढून उभ्या असलेल्या आपण. हसावं की काय करावं, कळेना.

परत आल्यावर आम्ही एक काम सुरू केलंय. ज्यांच्या घरी जुनं काही आहे, त्यांनी बैठकीला त्याचं नाव सांगायचं. फक्त नाव आणि ते कोणी वापरलं. पहिल्याच दिवशी पायली आणि शेराची मापं निघाली, 1957-58 नंतर नवी नाणी आणि किलोची वजनं आली तेव्हापासून माळ्यावर पडलेली. एका घरी कोपर निघालं, लग्नातल्या वरणाचं. एका मुस्लिम मैत्रिणीनं तांब्याचं कल्हईचं पातेलं आणलं, तिच्या दादीचं. वही जवळजवळ भरत आली.

विकू नका, असं आम्ही कोणाला सांगत नाही. ज्या घरी औषधाला पैसा नाही तिथे गुंडी ठेवून काय करायचं? पण मोडवाल्याकडे जायच्या आधी भांडं आपल्या गिरणीच्या काट्यावर तोलून घ्या. एकाला नाही, तिघांना भाव विचारा. नक्षी असेल, नाव कोरलेलं असेल, कडीची घडण वेगळी असेल, तर किलोवर देऊ नका, नगाचा भाव मागा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, हेही लक्षात असू द्या. कोणी गाडी घेऊन आला, फार गोड बोलू लागला, तर आधी गटात विचारा.

राहिली आमच्या त्या मैत्रिणीची गोष्ट. तिची गुंडी काही परत मिळाली नाही. पण वहीत तिनं नोंद केली आहे. सासूचं नाव, मग 'पितळी गुंडी, गळ्याला तीन रेघा, एका बाजूला पोचा, विहिरीच्या पायरीवर पडली होती'. पुढे वजन लिहिलंय, साडेतीन किलो. किमतीची जागा तिनं कोरी ठेवली आहे.