वाचनाच्या खोलीतलं संगीत

पुस्तक उघडायचं आणि मागे हलक्या आवाजात पियानो लावून ठेवायचा, ही सवय आता घरोघरी रुळली आहे. पण निवांत वाचण्यासाठी संगीत हवं, तर एके काळी वादकच खोलीत आणून बसवावे लागले असते. ते परवडणाऱ्या युरोपातल्या श्रीमंतांनीही वादकांना बसवलं ते जेवणाच्या मेजाशेजारी. गेओर्ग फिलिप टेलेमान याचा १७३३ सालचा ‘टाफेलम्युझिक’ हा संग्रह त्याच प्रथेतला. पंगतीला संगीत होतं, पुस्तकाला नव्हतं.

लक्ष न देण्यासाठीच संगीत रचावं, हा विचार ठामपणे मांडला तो एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने. तरुणपणी त्याने पॅरिसच्या माँमार्त्र भागातल्या कॅबरेंमध्ये पियानो वाजवला होता. लोक खातपीत, गप्पा मारत असताना संगीताचं काय होतं, हे तो तिथे रोज पाहत होता. खोलीत खुर्ची किंवा पडदा असतो तसंच संगीतही असावं, असं त्याचं म्हणणं. म्हणून १९१७ मध्ये त्याने या प्रकाराला नाव दिलं फर्निचर-संगीत.

पहिला जाहीर प्रयोग ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या बार्बाझांज कलादालनात झाला, माक्स जाकोबच्या एका नाटकाच्या मध्यंतरात. सोबतीला तरुण संगीतकार दारियुस मीयो होता. सूर चहूबाजूंनी यावेत म्हणून तीन क्लॅरिनेटवाले तीन कोपऱ्यांत, चौथ्या कोपऱ्यात पियानो आणि ट्रोम्बोनवाला वरच्या मजल्यावर, अशी मांडणी केली. लोकांच्या ओळखीच्या रचनांमधले छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवायचे होते. संगीताकडे लक्ष देऊ नका, अशी विनंती आधीच छापली होती. तरी सूर उमटताच प्रेक्षक मुकाट्याने जागेवर परतले आणि ऐकू लागले. बोला, फिरा, ऐकू नका, असं साती ओरडून सांगत राहिला. कोणी हललं नाही.

वाचनाशी थेट नातं जुळलं ते १९२३ मध्ये. वॉशिंग्टनच्या श्रीमती यूजीन मेयर यांनी मीयोमार्फत सातीकडे त्याचं हस्तलिखित मागितलं, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी फर्निचर-संगीताचीच एक छोटी रचना लिहून दिली. मीयोने आठवणींत याबद्दल फार मोलाचं लिहिलं आहे. या रचनेला खरा अर्थ यायचा, तर तिची रेकॉर्ड करून ती मेयरबाईंच्या ग्रंथालयात सतत वाजत राहायला हवी होती. तिथलं चित्रकार माने याचं चित्र डोळ्यांसाठी, तसं हे संगीत कानांसाठी. वाचनाच्या खोलीत यंत्रावर फिरत राहणारं संगीत मीयोला इतकं स्पष्ट दिसत होतं.

अडचण यंत्राची होती. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी चार-पाच मिनिटांत संपे आणि वाचणाऱ्याला उठावं लागे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली, तेव्हा एक बाजू वीसेक मिनिटं चालू लागली. एखादं प्रकरण सलग वाचून व्हायला तेवढा वेळ पुरतो. पुढे कॅसेट, सीडी आणि मोबाइलने उठण्याचं कारणच उरू दिलं नाही.

मग प्रश्न उरला तो काय लावावं याचा. १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगामुळे मोझार्ट लावला की डोकं चालतं, हा समज जगभर पसरला. त्या प्रयोगात ३६ विद्यार्थ्यांनी संगीत ऐकलं ते चाचणीच्या आधी. चाचणी आकृत्यांच्या आकलनाची होती आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. वाचताना मागे काय वाजवावं, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर सातीच्या ‘जिमनोपेदी’मध्ये सापडतं. १८८८ च्या या पियानोरचना वाचनासाठी लिहिलेल्या नाहीत, पण पहिली रचना नीट पाहावी. संथ तीन मात्रांची चाल. डावा हात पहिल्या मात्रेला खालचा एक स्वर देतो, दुसऱ्या मात्रेला वरचे स्वर एकत्र दाबून धरतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत हेच करत राहतो. पुढे काय येणार याची कानाला धास्ती नसते. शब्द नसल्यामुळे पानावरच्या शब्दांशी झटापट होत नाही. उलट हायडनच्या ९४ व्या सिम्फनीचा दुसरा भाग लावून पाहा. हळुवार चालीत अचानक सगळा वाद्यवृंद दणका देतो आणि वाचलेली ओळ हातची जाते.

म्हणून निवड करताना संगीतकाराच्या नावावर जाऊ नये. आवाजाची पातळी सम आहे का, गायन नाही ना आणि रचना आपल्या ओळखीची आहे का, हे पाहावं. ओळखीची रचना कुतूहल जागवत नाही. बीथोव्हनच्या अखेरच्या स्ट्रिंग क्वार्टेटसारखं संगीत पुस्तकामागे लावू नये, त्याला वेगळी संध्याकाळ द्यावी. मागे राहणं हा संगीताचा कमीपणा नाही, ते वेगळं काम आहे, हे सातीने ओळखलं होतं. ज्याला ते काम जमतं, त्यालाच ते सांगावं.