पंच आहेत, पण दंड कोण वसूल करणार?



गावात तंटा झाला की पंच बसतात. दोन्ही बाजू ऐकून घेतात, निवाडा देतात. पण खरी कसोटी त्याच्या पुढेच असते. दोषी माणूस गरीब असला तर दंड त्याच दिवशी वसूल होतो. तो तालेवार असला, निम्मे पंच त्याच्या ओसरीवर बसणारे असले, तर निवाडा कागदावरच राहतो. राष्ट्रांच्या पंचायतीचेही असेच झाले आहे काय, हे आज इतिहासाच्या आधारे पाहू.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याचे ठाणे स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे होते. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. मोटारीतून जात असता मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. राजे गेले, आणि त्याच गोंधळात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हेही प्राणास मुकले. कटवाल्यांना हंगेरीत आणि इटलीत आसरा मिळालेला होता. पण जिनीव्हाला तक्रार गेली ती हंगेरीविरुद्ध. हंगेरी लहान होती. मुसोलिनीची इटली बलवान होती आणि फ्रान्सला तिची मैत्री हवी होती. कटाचा सूत्रधार पाव्हेलिच इटलीतच होता. त्याला फ्रान्सच्या हवाली करण्यास तूरिनच्या न्यायालयाने नकार दिला. कारण काय, तर गुन्हा राजकीय आहे!

या खुनांमुळे राष्ट्रसंघाने १६ नोव्हेंबर १९३७ रोजी दहशतवादाविरुद्ध एक करार तयार केला. २४ राष्ट्रांनी सह्या केल्या. पण सही म्हणजे नुसता होकार. नंतर सरकारने पक्की मान्यता द्यावी लागते. ती किती जणांनी दिली असेल? फक्त एकाने, आणि तो देश म्हणजे हिंदुस्थान! साल होते १९४१. आपल्यावर राज्य करणाऱ्या ब्रिटनने मात्र त्या करारावर सहीसुद्धा केली नव्हती. शिवाय ही मान्यता हिंदी जनतेला विचारून दिलेली नव्हती. ती देणारे सरकार आपल्या क्रांतिकारकांनाही दहशतवादीच म्हणत असे. करार कधीच अमलात आला नाही.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. विषारी वायू युद्धात वापरणार नाही असे १९२५ च्या करारात इटलीने कबूल केले होते. तरी विमानांतून तो वायू सोडला गेला. राष्ट्रसंघाने इटलीला दोषी ठरवले, व्यापारबंदीही घातली. पण बंदीच्या यादीत खनिज तेल नव्हते, आणि सुवेझ कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. तेलावाचून विमाने उडत नाहीत, हे पंचांना ठाऊक नव्हते थोडेच! ३० जून १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी स्वतः जिनीव्हाला येऊन बोलले. पुढच्याच महिन्यात व्यापारबंदी उठली. एका मारेकऱ्याची गोळी हा जगाविरुद्ध गुन्हा ठरला. पण गावेच्या गावे भाजणाऱ्या सरकारला शिक्षा झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, युनो आली. तिच्या सुरक्षा समितीत पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार मिळाला. म्हणजे तालेवारांची ओसरी आता घटनेतच बांधली गेली! दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष करार व्हावा म्हणून भारताने १९९६ साली मसुदा मांडला. तो अजून मंजूर झालेला नाही. परकी सत्तेशी लढणाऱ्याला दहशतवादी म्हणावे काय, आणि सरकारी फौजेच्या अत्याचारांना काय म्हणावे, यावर एकमत होत नाही.

याचा चटका आपल्या मुंबईला बसला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. पुढच्याच महिन्यात हाफिज सईदचे नाव सुरक्षा समितीच्या यादीत आले. पण त्या यादीने पैसा गोठतो, प्रवास थांबतो. हातात बेडी पडत नाही. पाकिस्तानी न्यायालयाने त्याला २०२० साली तुरुंगवास दिला, तोही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. मुंबईतल्या खुनांबद्दल नव्हे.

मग ही पंचायत मोडावी काय? याचे उत्तर अबिसीनियाकडूनच घ्यावे. ज्या देशाला जिनीव्हाने वाऱ्यावर सोडले, तोच १९४५ साली युनोच्या संस्थापक सभासदांत बसला. बलवानाला पंचायत नसली तरी चालते. दुबळ्याला दाद मागायला दुसरी जागा नसते. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे. वर्गात युनोचा धडा शिकवताना तिची उद्दिष्टे जरूर पाठ करून घ्या. पण त्याबरोबर मुलांना हेही विचारायला शिकवा की, निवाडा झाला खरा, पण दंड कोणाकडून वसूल झाला आणि कोणाकडून राहिला?